देवावर भरवसा ठेव म्हणतात सगळे, पण ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?

आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हाची गोष्ट. एमआयडीसीतलं चांगलं चाललेलं युनिट, एका शुक्रवारी गेटवर नोटीस लागली आणि संपलं. त्या आठवड्यात आमच्याकडे कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती, पंचवीस-तीस माणसं आली, गीतं झाली, वचन झालं, आणि जाताना प्रत्येकाने दारात चप्पल घालता घालता तेच सांगितलं, भरवसा ठेवा ताई, प्रभू बघतोय. मी हो हो म्हणत होते. सगळे गेल्यावर कप धुवायला घेतले आणि खरंच प्रश्न पडला की ठेवू म्हणजे काय करू? उद्या सकाळी सहा वाजता उठून नेमकं काय करायचं ते एकानेही सांगितलं नाही. कुणाचा दोष नाही म्हणा, मीच इतकी वर्षं लोकांना तेच सांगत आले होते.

तर हा लेख त्या उद्या सकाळी सहाचा आहे. मी काही पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीत गेलेली नाही, नगरच्या ख्रिस्ती घरातली, लग्न करून चिंचवडला आलेली बाई आहे. चार वर्षांत जे करून बघितलं, जे फसलं, जे टिकलं ते क्रमाने लिहितेय. कॅथलिक वाचकांनी उपासनेच्या जागी मिस्सा वाचावं, बाकी फार फरक पडत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका

मला आधी वाटायचं भरवसा म्हणजे आतून काहीतरी वाटणं. शांत वाटलं की भरवसा आहे, धडधड झाली की नाही. असं धरलं ना तर माणूस दिवसातून दहा वेळा स्वतःची नाडी तपासत बसतो, आणि दहातल्या आठ वेळा नापास होतो.

आमच्या दाराला रात्री दुधाची पिशवी अडकवलेली असते. दूधवाले काका चौदा वर्षं येतायत. रात्री पिशवी अडकवताना मला काहीही वाटत नाही, डोळे भरून येत नाहीत, मी फक्त पिशवी अडकवते आणि झोपते. आणि तोच भरवसा आहे की नाही सांगा? पहिल्या महिन्यात मात्र सकाळी साडेपाचला दार उघडून बघायचे आले का म्हणून. आपल्या जुन्या बायबलात नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वरावर ‘भाव ठेव’ असा शब्द आहे, आमच्या आजीच्या तोंडीही तोच, भाव ठेव गं. ठेवणं हे काम आहे, हाताने करायचं. वाटणं मागून येतं, कधी कधी बरंच मागून.

म्हणून खाली जे काही आहे ते सगळं पिशवी अडकवण्यासारखंच आहे, छोटं, रोजचं, आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणं.

पहिले दोन आठवडे: एक स्तोत्र, मोठ्याने, मोबाईलच्या आधी

फक्त एवढंच करायचं. दुसरं काही सुरू करायचं नाही, वही नाही, उपास नाही, पहाटे चारची प्रार्थना तर अजिबात नाही. मी पहिल्यांदा जोशात पाचची साखळी प्रार्थना, तीन अध्याय वाचन, बुधवारचा उपास असं सगळं एकदम धरलं आणि नवव्या दिवशी सगळं एकदम सुटलं, वर अपराधी वाटलं ते वेगळंच.

जागा ठरवा. माझी जागा म्हणजे ओट्याशेजारचं स्टूल, चहा उकळेपर्यंत. मोबाईल रात्रीच हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, कारण उशाशी असला की पहिला हात तिकडेच जातो आणि एकदा का व्हॉट्सॲप उघडलं की बाकीच्यांच्या बातम्या आधी डोक्यात शिरतात आणि देवाचा नंबर पंधरावा लागतो. म्हणून छापील बायबल घ्या. ॲपमध्ये वाचते असं म्हणणाऱ्या तीन मैत्रिणी मला माहीत आहेत, तिघीही वाचता वाचता रीलवर पोचतात.

बायबलातली स्तोत्रसंहिताच का, तर ती मुळात प्रार्थनाच आहे, आपल्याला शब्द सुचत नसले तरी तिथे तयार मिळतात. १५० स्तोत्रं आहेत, रोज एक धरलं तर पाच महिने जातात. अँग्लिकन मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थनापुस्तकात ती ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ विभागून दिलेली असतात, पण नवख्या माणसाने त्या नादी लागू नये. सुरुवातीला ३, ४, १३, २३, २७, ४६, ५६, ६२, १२१, १३० आणि १३१ एवढीच घ्या आणि संपली की परत पहिल्यापासून. १३१ वं तर तीनच ओव्यांचं, म्हणजे तीनच वचनांचं आहे, दूध तुटलेलं बाळ आईपाशी जसं निवांत असतं तसा माझा जीव आहे असं त्यात म्हटलंय. तान्हं बाळ नाही बरं का, दूध तुटलेलं! तान्हं बाळ आईकडे दुधासाठी येतं, हे बाळ नुसतं आईसाठी आलंय. माझ्या मुलीचं दूध तोडतानाचे ते चार दिवस आठवले तेव्हा मला हे स्तोत्र कळलं, त्याआधी वीस वर्षं नुसतं वाचत होते. तुटताना रडारड होतेच, निवांतपणा त्यानंतरचा.

मोठ्याने वाचायचं. मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि मन गॅसवरच्या दुधाकडे. मोठ्याने म्हटलं की कान पण ऐकतात. घरात लोक झोपलेले असले तर पुटपुटा, चालतं.

कुठलं भाषांतर घ्यावं असं विचारतात. जे समजतं ते. जुनं भाषांतर कानाला गोड लागतं पण काही शब्द अडतात, मग सोप्या भाषेतलं शेजारी ठेवा. ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. संस्कृतात एवढ्या विद्वान, पण बायबलचं भाषांतर करायला घेतलं ते साध्या शिकलेल्या बायांना वाचता यावं अशा मराठीत, आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई केडगावला, त्यांनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. कळत नसेल तर भाव कशावर ठेवणार, हा साधा विचार त्यामागे होता. तेव्हा कळत नसलेलं वाचून पुण्य मिळतं असं काही मनात असेल तर सोडून द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून: एका दिवसापुरतं मागणं

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आज दे असं आपण म्हणतो. आज. मी मात्र मागायचे पुढच्या पंधरा वर्षांचं, होम लोन, मुलीचं इंजिनिअरिंग, म्हातारपण, सगळं एकाच प्रार्थनेत, आणि मग आमेन म्हणून जास्तच टेन्शन घेऊन उठायचे, कारण प्रार्थनेच्या नावाखाली पंधरा मिनिटं काळजीचीच उजळणी झालेली असायची.

बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची, म्हणजे रानात रोज सकाळी देवाने दिलेल्या भाकरीची गोष्ट आहे, रविवारच्या शाळेत सगळ्यांनी ऐकलेली. पण ती मोठेपणी परत वाचा. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटर. ज्याने उद्यासाठी राखून ठेवलं त्याच्या भांड्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विश्रांतीचा. आणि हे चाळीस वर्षं. म्हणजे गुलामगिरीतून बाहेर काढलेल्या लोकांना भरवसा शिकवायला देवाने भाषण नाही दिलं, रेशन लावून दिलं! रोज सकाळी बाहेर जायचं, वाकायचं, गोळा करायचं. मला ही गोष्ट आवडते कारण त्यात गोळा करायचं काम माणसाचंच आहे, घरात बसून तोंडात पडत नव्हतं.

ह्याची सवय अशी लावायची. स्तोत्र झालं की एक कागदाचा कपटा घ्या आणि आजच्या दिवसापुरत्या तीन गोष्टी लिहा. अट एकच, रात्री झोपताना ती झाली की नाही हे सांगता आलं पाहिजे. ‘सगळं नीट होऊ दे’ चालणार नाही. माझे काही कपटे असे होते: बँकेच्या माणसाचा फोन आला तर आवाज न चढवता बोलता येऊ दे. आज ह्यांनी दोन ठिकाणी तरी बायोडेटा पाठवावा आणि मी त्यावरून टोमणा मारू नये. डाळ महिनाअखेरपर्यंत पुरू दे. हसू नका, डाळीचं फार मनापासून लिहिलं होतं.

मोठं मागू नये असं म्हणत नाहीये हां. नोकरीसाठी, आजारासाठी जरूर मागा, पण मोठी मागणी आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी वगैरे, नीट बसून. रोजचं रोजच्यापुरतं.

आणि काळजी डोक्यात घुमत राहिली तर? तिला वेळ द्या. मी दुपारी तीन ते सव्वातीन ठेवला होता. सकाळी दहाला काळजी आली की तिला म्हणायचं तीनला ये. कधी यायची, कधी यायचीच नाही. देवासमोर पंधरा मिनिटं मोकळेपणाने काळजी करायची आणि उठायचं.

वही. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा जास्त लिहिते

महिनाभराने कपटे वहीत उतरवायला लागा. साधी शंभर पानी. तीन रकाने आखायचे: तारीख आणि काय मागितलं, मग काय झालं, आणि तिसरा रिकामा सोडायचा, त्याचं पुढे सांगते.

वही कशाला, देवाला माहीत नाही का? देवाला आहे, आपल्याला राहत नाही. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात लोक पाणी थांबलेली यार्देन कोरड्या पायांनी पार करतात तेव्हा देव नदीच्या मधून बारा दगड उचलून आणायला लावतो, उद्या पोरं विचारतील हे दगड कशाचे, तेव्हा सांगता यावं म्हणून. एवढा मोठा चमत्कार डोळ्यांनी बघितलेली माणसंसुद्धा विसरणार हे धरूनच ती सोय केलेली आहे, मग माझी डाळ महिनाअखेरपर्यंत पुरली हे मी पुढच्या महिन्यात विसरणार नाही का? विसरलेच होते. वहीत सापडलं.

आता दुसरा रकाना. इथे बहुतेक लोक लबाडी करतात आणि मीही केली. जे झालं तेवढंच लिहायचं, जे नाही झालं ते सोडून द्यायचं, आणि मग साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, उभं राहून वाचून दाखवायचं. असं करू नका. ‘नाही’ पण लिहा. ‘अजून नाही’ पण लिहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी सासूबाईंच्या किडनीसाठी एकोणीस वेळा लिहिलंय, आणि ऑगस्टमध्ये समोर ‘नाही. गेल्या.’ असं आहे. ते पान फाडावंसं वाटलं होतं. नाही फाडलं ते बरं झालं, कारण नुसत्या ‘हो’ लिहिलेल्या वहीवर माझाच विश्वास बसला नसता. दुकानदाराने फक्त जमा लिहिली आणि नावे लिहिलंच नाही तर ते खातं कसलं? हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत अशी सरळ यादी आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर मग तो म्हणतो तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन. यादी गाळून थेट आनंदावर उडी नाही मारलेली त्याने.

तिसरा रकाना सहा महिन्यांनी भरायचा. मागे जाऊन प्रत्येक ओळ वाचायची आणि आता काय दिसतंय ते लिहायचं. काही ठिकाणी आश्चर्य वाटतं. ह्यांना एका कंपनीत नकार आला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, पाच महिन्यांनी त्या कंपनीचे पगार थकल्याचं कळलं. ते तिसऱ्या रकान्यात गेलं. पण प्रत्येक ‘नाही’ला असं गोड उत्तर सापडतंच असं मुळीच नाही, आणि ओढूनताणून शोधूही नका. सासूबाईंच्या ओळीसमोर तिसरा रकाना माझ्याकडे अजून रिकामा आहे आणि कुणी येऊन ‘त्यांना त्रासातून सोडवलं ना’ म्हणालं तरी मी ते तिथे लिहिलेलं नाही.

जाता जाता एक बोलून घेते. एकतीस डिसेंबरच्या वॉच नाईटला, म्हणजे रात्रीच्या उपासनेला, टोपलीतून वचनाचं कार्ड काढतो ना आपण, मला ती पद्धत आवडते, लहानपणापासून काढतेय. पण ते कार्ड म्हणजे वर्षाचं भविष्य नव्हे. एकीला शिक्षेबद्दलचं वचन निघालं तर ती जानेवारीभर घाबरून होती! टोपलीत हात घालून भरवसा येत नाही, तो ह्या मळक्या वहीतून येतो असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

तक्रार करायला शिका

हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणायचं आणि आतल्या आत कुढायचं. पण स्तोत्रं नीट वाचली तर जवळजवळ तिसरा हिस्सा विलाप आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत चार वेळा तोच सवाल आहे, कोठवर? बाजारात भांडणाऱ्या बाईसारखा!

कसं करायचं ते त्याच स्तोत्रातून घ्या, सहाच वचनं आहेत. आधी देवाला हाक मारायची, त्याच्याकडे तोंड करून, कारण त्याच्याबद्दल दुसऱ्याकडे बोललं की ती कुरकुर होते. मग काय खुपतंय ते स्पष्ट, नावगावासकट. मग काय पाहिजे ते. आणि शेवटी ‘पण मी तर’ अशी एक ओळ, जेवढी खरी असेल तेवढीच. माझी एकदा एवढीच होती, ‘पण मी तर उद्या परत ह्या स्टुलावर बसेन.’ त्याहून जास्त खरं काही नव्हतं. आणि एखाद्या दिवशी ती ओळ निघालीच नाही तर ८८वं स्तोत्र वाचा, ते अंधारावर संपतं, पुढे काही नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे, कुणी काढून टाकलेलं नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याचा मुलगा आजारी आहे, तो म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच श्वासात दोन्ही. आणि येशू त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये असं सांगून परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो.

इथे परत रमाबाई. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. जिच्यावर मुक्तीचा भार सोपवायचा ती आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि त्या मधल्या महिन्यांतही बायबलचं काम चालू होतं. ह्या महिन्यांत त्या काय प्रार्थना करत असतील असा विचार मी कधी कधी करते. पण सकाळी उठून त्या मजकुराकडे परत जात होत्या एवढं तर दिसतंच.

रात्र: मागे वळून बघा आणि मग सरळ झोपा

जेज्विट ह्या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांमध्ये सोळाव्या शतकापासून, त्यांचा संस्थापक इग्नेशियस लोयोलापासून, एक पद्धत आहे, दिवसाची तपासणी. ते दुपारी आणि रात्री दोनदा करतात. आपण रात्री एकदा, पाच-सात मिनिटं. वसईच्या एका मैत्रिणीने मला दाखवली, आणि आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी काही बिघडलं नाही.

पलंगावर बसून सकाळपासूनचा दिवस डोळ्यापुढून सोडायचा. कुठे देव जवळ वाटला? (बऱ्याचदा उत्तर विचित्र येतं, माझं एकदा ‘रिक्षावाल्याने सुट्टे परत दिले तेव्हा’ असं होतं.) कुठे मी त्याला बाजूला ठेवून स्वतःच घोडं दामटलं? कुणाची माफी मागायचीय का? उद्याचं सगळ्यात जड काम कुठलं? ते एक काम त्याच्या हातात द्यायचं. झालं. तपासणी म्हणजे स्वतःला झोडपणं नाही, आमच्यासारख्या बायकांना ते फार लवकर जमतं म्हणून सांगतेय.

आणि मग झोपा. मी झोपेला भरवशाची सवय म्हणते आणि लोक हसतात. पण चौथं स्तोत्र काय सांगतं, मी स्वस्थ पडतो आणि लगेच झोपी जातो, कारण सुरक्षित ठेवणारा तू आहेस. तारवात वादळ चालू असताना येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला होता, मार्कने ती उशी मुद्दाम लिहून ठेवलीय. एलिया संदेष्ट्याची गोष्ट तर बघाच, १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात तो झुडपाखाली बसून मरण मागतो, पुरे झालं म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून गरम भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. मग पुढचं बोलणं. रात्री दीडपर्यंत कर्जाचे हप्ते कॅल्क्युलेटरवर मोजत बसणारी मी, मला हे पाळक साहेबांनी नाही, आमच्या मंडळीतल्या एका ऐंशीच्या मावशींनी सांगितलं, ‘बाळा, तू जागी राहिलीस म्हणून हप्ता कमी होतो का?’

एक मात्र सांगते, झोप महिना महिना येत नसेल, सारखं रडू येत असेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा. मानसोपचार म्हणजे अविश्वास नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. गोळ्या बंद करून विश्वास सिद्ध करा असं सांगणारा कुणी भेटला, मग तो स्टेजवर कितीही मोठा असो, तर तिथून निघून या.

माणसं

पहिले तीन महिने आम्ही मंडळीत नोकरीचं कळू दिलं तेवढंच, पैशाचं काही बोललो नाही. रविवारी इस्त्रीची साडी, हे कडक शर्टमध्ये, कसे आहात तर प्रभूच्या कृपेने मस्त. घरी येऊन फ्रीज उघडला की अर्धा कोबी. देवावर भरवसा होता म्हणे आमचा, मग त्याच्या माणसांवर का नव्हता? शेवटी लाज गिळून दोघांना सांगितलं, एक जोडपं. व्हॉट्सॲपच्या प्रेयर ग्रुपवर टाकलं नाही आणि तुम्हीही टाकू नका, तिथे शंभर हात जोडलेले येतात आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं. दोन माणसं बघा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, जी आठवड्याला एकदा फोन करतील आणि वही कुठपर्यंत आली विचारतील. त्या जोडप्याने एक दिवस न विचारता महिन्याचा किराणा आणून ओट्यावर ठेवला. माझ्या त्या दिवसाच्या कपट्यावर डाळच लिहिलेली होती.

आमच्या नगरकडे टिळकांच्या घराची आठवण निघते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली काही वर्षं ताटातूट. पुढे एकत्र आल्यावरही टिळक खिशात असेल ते वाटून मोकळे होणार, आणि घरात चूल कशी पेटवायची ते लक्ष्मीबाई बघणार. लोक टिळकांच्या भरवशाचं कौतुक करतात, बरोबरच आहे, त्यांची भजनं आपण आजही गातो. पण मला विचाराल तर रोज सकाळी त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा भरवसा जास्त कसाला लागला असेल. नवरा-बायकोत एकजण नेहमी उदार आणि दुसरा नेहमी चिंतेत असं वाटप झालं असेल तर वही दोघांनी मिळून लिहा, आमचं त्याने भांडण कमी झालं. बंद नाही, कमी.

पैसे, शब्बाथ आणि उपास, थोडक्यात

पैसे: महिन्याच्या सुरुवातीला, उरलेल्यातून नाही, काहीतरी बाजूला काढा. पगार बंद होता तेव्हा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, आम्हाला झेपत नव्हता, आम्ही माझ्या शिकवणीच्या पैशातून शंभर रुपये पाकिटात घालायचो. बायबलातल्या गरीब विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी बारक्या नाण्यांची, गोष्ट आठवून धीर यायचा. पण कर्ज काढून अर्पण देऊ नका, आणि अमुक टाका म्हणजे दहापट येईल असं कुणी म्हणालं तर ते अर्पण नाही, भिशी आहे.

शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस: बाईमाणसाला रविवार म्हणजे जास्तीचा स्वयंपाक, त्यामुळे शनिवारीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवायची आणि रविवारी दुपारी बारा ते पाच कुणी काही करायचं नाही, हप्त्यांचा विषय काढायचा नाही, मोबाईल ड्रॉवरमध्ये. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना होता ना, तसंच. पहिले दोन रविवार घरातल्यांनी कुरकुर केली, तिसऱ्या रविवारी हेच म्हणाले बारा वाजले.

उपास: ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या काळात करतोच आपण. डायबेटिस असेल, बाळ अंगावर पीत असेल तर जेवणाचा उपास नको, बातम्यांचा करा. मला तो जास्त अवघड गेला.

खंड पडला तर

पडणारच. मला डेंगी झाला तेव्हा सव्वीस दिवस पडला, दिवाळीत पाहुणे आले तेव्हा नऊ. सुटलेली स्तोत्रं भरून काढत बसायचं नाही, ती काय हजेरी आहे? आजची तारीख टाकायची आणि आजचं वाचायचं. वाचताना काहीच वाटलं नाही तरी वाचायचं. महिनोन् महिने कोरडे जातात, माझा एक अख्खा पावसाळा गेला, शब्द नुसते भिंतीवर आपटून परत यायचे. तेव्हा मी वाचन कमी करून ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत रोज म्हणायला लागले, बेसूर का होईना, गाणं कोरड्यातही म्हणता येतं.

ह्यांना चौदा महिन्यांनी नोकरी लागली, आधीपेक्षा सात हजार कमी पगारावर, आणि बस बदलून दीड तासावर. दुसऱ्या रकान्यात तसंच लिहिलंय. त्या दिवशी वहीत माझ्या अक्षराखाली मुलीचं अक्षर दिसलं, मला न विचारता लिहिलं होतं तिने, पेन्सिलीने: ‘पप्पांना बसमध्ये खिडकी मिळू दे.’ समोरचा रकाना ती रोज रात्री त्यांना विचारून भरते. बहुतेक वेळा ‘नाही’ असतं.